काळी खिडकी

राजकुमारचं कृषी केंद्र अमडापूरच्या बसस्टँडसमोर होतं. बियाणं, खतं, औषधं, फवारणीचे पंप असं सगळं तिथं मिळायचं, पण दुकानात शिरलं की आधी दिसायचा तो राजकुमार. भिंतीवर त्याचेच सात फोटो होते. एकात तो कंपनीच्या खर्चानं बँकॉकला गेलेला, फुलाफुलांच्या शर्टात. एकात 'उत्कृष्ट विक्रेता' लिहिलेली ढाल त्यानं तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरलेली. शेतकऱ्याला तो कधी बसा म्हणत नसे. वावरात जाणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. कोणी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, डागाळलेलं पान आणलं तर ते हातातसुद्धा न घेता, मोबाइलवरची नजर न उचलता, तो औषधाचं नाव सांगायचा. आणि ते औषध नेमकं त्याच्या फडताळात सगळ्यात जास्त दिवस पडून राहिलेलं असायचं.

राबियाचं संगणक केंद्र त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. सातबारा, पीकविमा, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स, आणि लोकांना वापरायला दोन कॉम्प्युटर. राबिया एकोणतीस वर्षांची. वडील रहेमतुल्ला पिंजारी. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून शिवून द्यायचा, यात त्यांची उमर गेली. गादी उसवली की तिच्यात लोकांनी लपवलेलं काहीबाही निघायचं. चिठ्ठी, फोटो, एखादा ताईत. रहेमतुल्ला ते न उघडता कागदात बांधायचे आणि गादी परत देताना ज्याचं त्याच्या हातात ठेवायचे. घरात त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. राबियानं केंद्र टाकलं तेव्हा अब्बांनी तिला काही सांगितलं नाही, पण तिनं तीच रीत उचलली. लोक काय बघतात ते आपण बघायचं नाही.

म्हणून तिच्याकडे जो बसायचा त्याला ती आधी एक गोष्ट शिकवायची. ब्राउजरमध्ये खाजगी खिडकी उघडता येते, तिचा रंग काळा असतो. तिच्यात बघितलेलं त्या कॉम्प्युटरवर राहत नाही, बंद केली की गेलं. गावात तिचं नावच 'काळी खिडकी' पडलं. निकालाला घाबरलेली पोरगी, पाळी चुकलेली सून, आणि पोट्टे जे बघतात ते बघणारे पोट्टे, सगळेच म्हणायचे, "ताई, काळी खिडकी लावून दे." पोट्ट्यांमुळं त्या नावाला जरासा वास लागला होता. कोणी ते चारचौघांत मोठ्यानं उच्चारलं की बाकीचे हसायचे. जे लोक साध्या खिडकीत बसून जात, त्यांची हिस्टरी राबिया केंद्र बंद करताना पुसून टाकायची. वाचायची नाही.

ही गोष्ट २०१७ सालची. त्या वर्षी दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली, आणि लोकांच्या ध्यानात आलं की बोंडं वरून हिरवीगार आहेत पण आत गुलाबी आळी बसली आहे. बीजी टू या बीटी कपाशीचं बियाणं, पाकिटावर आळीपासून संरक्षण असं छापलेलं, आणि एका बोंडात दोन दोन आळ्या. फुटलेला कापूसही पिवळा, चिकटलेला, नुसता किडका, ज्याला कवडी म्हणतात. रहेमतुल्लांनी गादीत भरायला त्यातला थोडा आणून पाहिला. हातात घेऊन चुरगाळला, तर धागा लागेना. त्यांनी तो तसाच अंगणात ठेवून दिला आणि हात धुतले.

लोक राजकुमारच्या दुकानासमोर जमले. त्यांच्यात उंद्रीच्या रस्त्याला वावर असलेले शेषराव होते. साठीचे, बारा एकरांचे मालक, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. फवारणी कधी केली, पाऊस किती पडला, हे सगळं ते एका वहीत लिहून ठेवत. मास्तर व्हायचं राहून गेलं, त्याची हौस ते पऱ्हाटीवर भागवत, असं त्यांची बायको मंजुळाबाई म्हणायची. त्या दिवशीही वही काखेत होती.

राजकुमार दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. पायरी तीन फुटांची, पण लोकांकडे वरून बघायला त्याला तेवढी पुरत होती.

"बियाण्यात काहीच खोट नाई," तो म्हणाला. "खोट तुमच्यात आहे. पाकिटासंगं नॉन-बीटीची छोटी पुडी येते. ती वावराच्या कडंनं लावा लागते, मंग आळी तिच्यावर जाते. लावली कोणी? हात वर करा."

कोणाचाच हात वर झाला नाही.

"पाहा. मंग आळी येईन नाई तं काय लक्ष्मी येईन?"

शेषराव म्हणाले, "राजकुमार, ते पुडी फेकून द्या असं तूच सांगतलं होतं. त्याले आळी लागते, उगा जागा अडवते, असं म्हणला तू."

"मी?" राजकुमार हसला. "शेषरावदादा, तुमचं वय झालं. म्हाताऱ्या माणसाले सपनातलं अन् खरं याच्यात फरक समजत नाई. वही लिहून कोणी शेतकरी होत नसते. मूर्खपणा तुमी करा अन् नाव माह्यं घ्या."

दोन-चार जण हसले. राजकुमारनं काही म्हटलं की हसायची सवय लागलेले लोक होते ते. शेषरावांनी वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि घरी गेले. त्यानंतर ते बरेच दिवस बसस्टँडकडे फिरकले नाहीत.

मग सरकारनं तक्रारी मागवल्या. जी-फॉर्म नावाचा अर्ज होता. शेतकऱ्यानं तो भरायचा, समिती येणार, वावर बघणार, विक्रेत्याला विचारणार. राबियाच्या केंद्रात रांग लागली. एकेका फॉर्मला अर्धा तास जायचा, कारण बियाण्याचा लॉट नंबर विचारला की माणूस आधी पिशवीतून पाकीट काढायचा, मग पावती, आणि मग सगळी हकीकत सांगायचा. राबिया ऐकून घ्यायची. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिनं सत्तरएक फॉर्म भरले असतील.

त्याच आठवड्यात राजकुमारचा निरोप आला. दुकानातला कॉम्प्युटर हळू चालतो, येऊन बघून जा.

ती दुपारी गेली. राजकुमारनं तिला खुर्ची दिली, कारण खुर्चीशिवाय कॉम्प्युटरसमोर बसता येत नाही. स्वतः मागं उभा राहिला.

"हळू-बिळू काही नाई," तो म्हणाला. "यातली हिस्टरी साफ कर सगळी. अन् अशी सेटिंग करून ठेव का पुढं काही राह्यलंच नाई पाह्यजे. समितीवाले येतात तं कुठंही हात घालतात."

राबियानं हिस्टरीचं पान उघडलं. कुठपासून पुसायचं ते ठरवायला तारखा बघाव्या लागतात. तिनं तारखा बघितल्या, आणि तारखांशेजारी जे होतं तेही तिच्या डोळ्यांत गेलं.

ऑगस्टचे दिवस होते ते. पात्यावर, म्हणजे पऱ्हाटीच्या कळीवर, गुलाबी आळी. डोमकळी म्हणजे काय. बीजी टूला आळी मरत नाही काय. विक्रेत्यानं शेतकऱ्याला कळवणं बंधनकारक आहे का. एक दिवस नव्हे, सलग अठरा-वीस दिवस तो हेच शोधत होता. आळीचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांची माहिती त्यानं वाचली होती, वेळेत कोणती फवारणी करायची तेही वाचलं होतं. आणि त्याच वीस दिवसांत दुकानाबाहेर नवा फलक लागला होता, तो राबियाच्याच केंद्रात छापलेला: पऱ्हाटीच्या जोमदार वाढीसाठी टॉनिक.

म्हणजे याला माहीत होतं. मूर्ख असता तर गोष्ट वेगळी होती. मूर्ख माणसावर राग येतो आणि जातो. हा वाचत होता, समजून घेत होता, आणि वाचून झाल्यावर खुर्ची फिरवून समोरच्या माणसाला टॉनिक विकत होता. राबियाला एकदम त्याच्या अत्तराचा वास सहन होईना. ती खुर्ची थोडी पुढं सरकली.

"काय पाह्यतं?" राजकुमार म्हणाला. "तुले त्यातलं काय समजते? पूस."

त्याला लाजसुद्धा वाटली नाही. पिंजाऱ्याच्या पोरीला आळीतलं आणि पात्यातलं काय कळणार, अशी त्याची खात्री होती.

"मी नाई पुसत," राबिया म्हणाली.

"काऊन?"

"मी लोकाईचे तक्रारीचे फॉर्म भरून राह्यली. तेही भरू अन् हेही पुसू, हे माह्यानं होत नाई. तुमचा कॉम्प्युटर आहे, तुमची हिस्टरी आहे. तुमी पुसा. हे इथं दाबा, मंग हे, मंग हे."

"तीन बटणं दाबाले तुले बोलावलं होतं व्हय मी?"

"अजून एक सांगते, ते ध्यानात ठेवा. इथलं पुसलं तं इथलंच जाते. तुमी आपल्या खात्यात शिरून शोधलेलं आहे. ते खात्यातही राह्यते. तिथं जाऊन येगळं पुसा लागते. अन् काळी खिडकी लावली तरी तिच्यात आपल्या नावानं खात्यात शिरले तं काही उपेग नाई."

हे ती प्रत्येकाला सांगायची. राजकुमारलाही सांगितलं. तिरस्कार वाटतो म्हणून कोणाला अर्धी गोष्ट सांगायची, हे तिच्यात नव्हतं.

राजकुमारनं ऐकलंच नाही. "मले नको शिकवू. माह्या भाच्यानं इंजिनिअरिंग केलं आहे पुण्याले. काळी खिडकी लावली का ब्रह्मदेवालेही दिसत नाई, असं सांगतलं त्यानं." त्यानं तिच्या खांद्यावरून हात घालून माऊस घेतला आणि तीन बटणं दाबली. पान रिकामं झालं. "हे पाय. झालं. जा तू."

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "अन् बाहेर तोंड उघडशीन नको. तुह्या केंद्राचा परवाना कोणाच्या सहीनं चालते ते मले मालूम आहे."

"मी कोणाचंच बाहेर सांगत नाई," राबिया म्हणाली. "तुमच्यासाठी काही नवीन करून नाई राह्यली."

दुसऱ्या दिवशी शेषराव केंद्रात आले. रांग संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले आणि मग आत आले. फॉर्म भरताना ते वहीतून एकेक तारीख वाचून दाखवत होते. अकरा ऑगस्टच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं एक फूल काढलं होतं, पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुंडाळून मिटलेल्या. डोमकळी. आतून आळीनं पाकळ्या शिवून टाकल्या की फूल असं होतं.

"हे मी तोडून त्याच्या दुकानात नेलं होतं," ते म्हणाले. "त्यानं पाह्यलं नाई. म्हणला, उष्णतेनं झालं, टॉनिक मार. मी मारलं. दोनदा मारलं." त्यांनी वही मिटली. "राबिया, तू शिकलेली आहे. खरं सांग. मी मूर्खपणा केला का?"

"नाई, काका."

"तुले कसं मालूम?"

राबियानं फॉर्मचा पुढचा रकाना उघडला. सांगायला काय, एक वाक्य होतं. सांगितलं असतं तर या माणसाचा वाकलेला मणका तिथल्या तिथं सरळ झाला असता. पण मग उद्या पाळी चुकलेल्या सुनेचंही सांगता आलं असतं, कारण सासूलाही काहीतरी दुःख असतंच.

"मी सत्तर फॉर्म भरले," ती शेवटी म्हणाली. "सत्तर जण एकाच वर्षी मूर्ख होत नसतात."

शेषराव जरा हसले. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, आणि तिचंही. घरी जाताना तिला स्वतःचीच चीड आली. आपली रीत आज एका निलाजऱ्या माणसाच्या कामी आली, एवढंच तिला दिसत होतं.

समिती पंधरा दिवसांनी आली. तालुक्याचे साहेब, त्यांच्यासोबत दोघं. सकाळी वावरं बघितली, दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. पंचायतीचा कॉम्प्युटर चालवणारा रजेवर होता, म्हणून राबियाला बोलावणं आलं. भिंतीवर पडदा, मधे प्रोजेक्टर, आणि सभागृहात बसायला जागा नाही इतकी माणसं. शेषराव तिसऱ्या रांगेत, वही मांडीवर.

राजकुमार पांढऱ्या शुभ्र शर्टात आला. साहेबांना त्यानं वाकून नमस्कार केला; ते शरीर इतकं वाकतं हे त्याच्या दुकानात आलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. कंपनीच्या माणसानं त्याला पडद्यावर दाखवायची पानं बनवून दिली होती, ती त्याच्या मेलमध्ये होती. त्यानं राबियाला बाजूला सारून दोन बोटांनी स्वतःच्या खात्याचा पासवर्ड टाकला आणि पानं उघडली.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: शेतकऱ्यांच्या पाच चुका.

त्यानं पाचही चुका वाचून दाखवल्या. पुडी लावली नाही. सापळे लावले नाहीत. वेळेत फवारणी केली नाही. डोमकळ्या तोडून जाळल्या नाहीत. विक्रेत्याचा सल्ला घेतला नाही. प्रत्येक चुकीनंतर तो थांबायचा आणि लोकांकडे बघायचा, नापास मुलांकडे बघावं तसा. साहेब कागदावर लिहून घेत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "पुडीबद्दलचं विद्यापीठाचं परिपत्रक आहे का तुमच्याकडे?"

"नेटवर आहे साहेब. आताच दाखवतो." राजकुमार खुर्चीत मागं टेकला. "ए राबिया, शोध ते."

राबियानं माऊसवर हात ठेवला आणि तिथंच थांबली. शोधायच्या चौकटीत नुसता कर्सर नेला तरी काय होणार ते तिला माहीत होतं. खातं याचं, आणि खात्यातलं यानं पुसलेलं असणं शक्य नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्याच खात्यात शोधू, का काळी खिडकी उघडू?"

मागच्या रांगांत हशा पिकला. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. साहेबांनाही काहीतरी चावट असल्याचं कळलं, त्यांनी मान वर केली. राजकुमारचे कान लाल झाले.

"काळी खिडकी तुह्या केंद्रातल्या पोट्ट्यायले लागते," तो म्हणाला. "माह्यापाशी लपवासारखं काही नाई. साधं उघड."

"भाऊ, एकदा इचार करा."

"तुले सांगतलं तेवढं कर."

राबियानं चौकटीवर क्लिक केलं.

चौकटीखाली यादी उतरली. त्यानं पूर्वी शोधलेलं, एकाखाली एक, आणि भिंतीवर प्रत्येक अक्षर हातभर उंच. सभागृहातले लोक आधी आपापलं वाचत होते. मग तिसऱ्या रांगेत शेषराव उभे राहिले, चष्मा वर सरकवला आणि मास्तर धडा वाचतात तसे संथ वाचू लागले.

"बीजी टू पऱ्हाटी पात्यावर गुलाबी आळी. डोमकळी दिसल्यास उपाय. विक्रेत्याने शेतकऱ्याला सांगणे बंधनकारक आहे का. छोटी पुडी फेकायला सांगितली तर परवाना जातो का. बोंडआळी पंचनामा शेतकऱ्याची चूक कशी दाखवावी."

ते थांबले. "आखरीचं तं तू आताच करून दाखवलं," ते म्हणाले.

राजकुमार उठला. "हे आताचं आहे, साहेब. या लोकाईसाठीच माहिती काढत होतो मी. कालपरवा."

"कालपरवा?" शेषराव म्हणाले. "कालपरवा पाते कुठं होते बे? पाते पोळ्याच्या आदी धरतात. डोमकळीही तेव्हाचीच. डिसेंबरात पात्यावरची आळी शोधाले तू काय बँकॉकले पऱ्हाटी लावली होती?"

आता हशा वेगळा होता. एवढे दिवस राजकुमारच्या बोलण्यावर हसणारे त्याच्याकडे बघून हसत होते. त्याला काय करावं सुचेना. तो धावत जाऊन पडद्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात पसरून, जणू तेवढ्यानं ते झाकलं जाणार. अक्षरं त्याच्या शर्टावर उमटली. पांढऱ्याशुभ्र पोटावर 'परवाना जातो का' हे इतकं स्पष्ट दिसत होतं की मागं बसलेल्या बायकांनीही ते वाचलं.

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

राबियानं बंद केलं. राजकुमार तरी थोडा वेळ तसाच हात पसरून उभा होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे नोंदीत घेता येत नाही," ते म्हणाले. "कोणी काय शोधलं तो पुरावा होत नाही."

"बरोबर आहे," शेषराव म्हणाले. "मंग त्यानं वाचलेल्या पाच चुकाही घेऊ नका. त्याचा तरी पुरावा कुठं आहे? अन् माह्यापाशी वही आहे. अकरा ऑगस्ट. पाह्यता का?"

साहेबांनी हात पुढं केला. वही बराच वेळ त्यांच्या हातात राहिली. त्यांनी पानं उलटली, ते पेन्सिलीचं फूल बघितलं, मग स्वतःच्या कागदावरच्या काही ओळी खोडल्या आणि नव्यानं लिहिलं. पुडी न लावल्याच्या रकान्यात आता 'विक्रेत्याच्या तोंडी सल्ल्यानुसार' असं आलं. बाकी त्या दिवशी काही घडलं नाही. बोंडं होती तशीच किडकी राहिली, आणि नुकसानभरपाई पुढं किती रखडली ते सगळ्यांना माहीत आहे. पण मूर्खपणा कोणी केला हा प्रश्न गावात परत कोणी विचारला नाही.

राजकुमारशी कोणी भांडलं नाही. दुकानावर दगड पडला नाही, शिवीही नाही. लोक बियाणं घ्यायला चिखलीला जाऊ लागले, आणि बसची वाट बघत त्याच्याच दुकानाच्या सावलीत उभे राहू लागले. तो आत बसलेला असायचा. पान घेऊन कोणी येत नव्हतं. एकदोनदा त्यानं स्वतःहून, "या नं, बसा," म्हणून पाहिलं. लोक म्हणाले, "राहू द्या, गाडी येऊन राह्यली."

राबियानं आपलं खातं हॅक केलं, असं त्यानं पसरवून पाहिलं. हॅक म्हणजे काय ते त्याला विचारणाऱ्यांना समजावता आलं नाही. तरी थोडा परिणाम झालाच. कोकिळा नावाची नर्सिंगचा फॉर्म भरायला येणारी मुलगी एक दिवस खुर्चीत बसेना. नुसती उभी राहून म्हणाली, "ताई, माह्यंही कधी असं भिंतीवर येईन का?"

राबियानं तिला शेजारी बसवलं आणि सगळं दाखवलं. इथलं कुठून पुसायचं, खात्यातलं कुठून पुसायचं, खात्यानं पुढं लक्षातच ठेवू नये अशी सेटिंग कुठं असते, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलं तर उठताना खात्यातून बाहेर कसं पडायचं. कोकिळेनं ते हातावर पेनानं लिहून घेतलं.

ती गेल्यावर राबिया विचार करत बसली. तिनं राजकुमारला दोनदा विचारलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण चारशे लोकांसमोर, त्या शब्दांत विचारल्यावर तो हो म्हणणार नाही, हेही तिला विचारतानाच ठाऊक होतं. हळूच कानात विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. त्याला माज होता, आणि तिनं त्या माजाच्याच हातात निर्णय दिला. अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले की, तू जे केलंस ते मी केलं नसतं. पण माझ्याकडे असली गादीही कधी आली नाही. एवढंच. त्यांनी तिला बरोबर म्हटलं नाही आणि चूकही म्हटलं नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत एका दुपारी केंद्रात एक बाई आली. चांगल्या घरची, काठाची साडी, हातात सरकारी लिफाफा. राबियानं तिला रस्त्यावरून जाताना पाहिलेलं होतं, पण कधी बोलणं झालं नव्हतं. ती पुष्पांजली, राजकुमारची बायको.

"हे माह्या नावानं आलं," ती म्हणाली आणि लिफाफा पुढं केला.

नोटीस होती. बियाणे विक्रीचा परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करा. वर नाव पुष्पांजलीचं. परवाना पहिल्यापासून तिच्याच नावावर होता. ढालीवर, फोटोंत, फलकावर कुठंच नसलेलं तिचं नाव नेमकं या एकाच कागदावर होतं.

"तुमाले मालूम होतं, ताई?" राबियानं विचारलं.

"सह्या घेतल्या होत्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. म्हणे, बायकोच्या नावानं केलं का सोपं पडते." ती खुर्चीत बसली. "आता तो म्हणते, तूच जा अन् सांग का मले बियाण्यातलं काही समजत नाई, चुकून झालं. बाईमाणसाले सोडून देतात म्हणे." ती हे सांगताना चिडली नव्हती. शिळं अन्न झाकण उघडून बघावं आणि परत झाकून ठेवावं, तसा तिचा चेहरा होता.

"मंग खुलासा लिहू का तसा?"

"नाई. मले माह्यं नाव काढाचं आहे परवान्यावरून. त्याचा अर्ज राह्यते का?"

असतो, म्हणून राबियानं तो उघडला. नाव, पत्ता, परवाना क्रमांक. मग कारणाचा रकाना आला.

"कारण काय लिहू?"

पुष्पांजली खिडकीबाहेर बघत राहिली. चार दुकानं पलीकडे तिच्या नवऱ्याच्या दुकानाची पायरी तिरकी दिसत होती, तिच्यावर कोणी नव्हतं.

"लिही का मले बियाण्यातलं काही समजत नाई," ती म्हणाली. राबियानं लिहिलं. पुष्पांजलीनं पडद्यावर वाचलं आणि मान हलवली. "नाई. खोडून टाक. हे तं त्याचंच वाक्य झालं. लिही, दुकान मी कधीच चालवलं नाई, ज्यानं चालवलं त्याले सगळं समजत होतं."

राबियानं तसंच लिहिलं. प्रिंट काढली. पुष्पांजलीनं पूर्ण नाव, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं लिहून सही केली. अर्ज पाठवल्यावर मिळालेली पोच नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, उंद्रीला माहेरी जाणारी गाडी किती वाजता आहे ते विचारलं, आणि रस्ता ओलांडून बसस्टँडकडे गेली.